इमर्जन्सी शॉवर-आयवॉश, एसएस ३०४: घेण्याआधी टाकी मोजा

कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या बल्क ड्रग (औषधांचा कच्चा माल) कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्या टँक फार्मपाशी, म्हणजे ॲसिड आणि कॉस्टिक सोड्याच्या मोठ्या टाक्या असतात तिथे, रसायन अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर लगेच धुवायला जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) जुना शॉवर होता. तो खालच्या फ्लँजपाशी गंजून हलायला लागला, म्हणून मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर नवा घेतला. डोक्यावर शॉवर, कमरेच्या वर डोळे धुवायचं भांडं, खाली पायाने दाबायची पट्टी, असं हे एकत्र मॉडेल. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), सव्वा इंची इनलेट, ओढायला त्रिकोणी हँडल. आता एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक खरा प्रसंग त्याच्यावरून गेलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. बनवणाऱ्याचं नाव देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक बाजारातल्या कुठल्याही मॉडेलला लागू पडतील.

वस्तूला पाचपैकी साडेतीन. विकणाऱ्याने दिलेल्या माहितीला एक, तोही माणूस वेळेवर आला म्हणून.

चांगलं आधी सांगून टाकते. वेल्डिंग साफ आहे, स्टँड जाड आहे, फोर्कलिफ्टचा एक निसटता धक्का लागूनही वाकला नाही. बॉल व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडतो आणि हात सोडला तरी उघडाच राहतो. हे किरकोळ वाटेल, पण ज्याच्या डोळ्यांत काही उडालंय त्याचे दोन्ही हात पापण्या फाकून धरण्यात गुंतलेले असतात. नळ दाबून धरायला तिसरा हात आणायचा कुठून? ज्या अमेरिकन मानकाचं नाव प्रत्येक विक्रेता घेतो, ते एएनएसआय झेड ३५८.१ हेच सांगतं: एका सेकंदात उघडला पाहिजे आणि कुणी मुद्दाम बंद करेपर्यंत चालू राहिला पाहिजे. आमच्या जुन्या शॉवरला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह होता, सोडला की बंद. तसला आजही स्वस्तात मिळतो. घेऊ नका.

आयवॉशच्या दोन्ही नोझलवर धुळीची टोपणं आहेत, ती पाण्याच्या जोराने आपोआप उडतात. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी पाणी मिळतं आणि धार मऊ, फेसाळ आहे, टोचत नाही. हे सगळं पास.

आता पाणी. पत्रकावर छापलंय की शॉवरमधून मिनिटाला ७६ लिटर आणि डोळे-चेहरा धुण्याच्या भांड्यातून मिनिटाला साधारण ११ लिटर पाणी येतं. मानकाप्रमाणेही आकडे हेच आहेत. त्याच मानकात आहे की हे पाणी सलग १५ मिनिटं मिळालं पाहिजे, आणि एकत्र मॉडेल असेल तर शॉवर आणि आयवॉश दोन्ही एकाच वेळी चालू असताना मिळालं पाहिजे. गुणाकार करा. तेराशे लिटर होतात. आमच्या जुन्या शॉवरला जी लाइन होती ती कँटीनवरच्या पाचशे लिटरच्या टाकीतून यायची आणि त्याच टाकीवर दोन बाथरूम आणि भांडी घासायचं सिंक. म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली असली तरी सहा मिनिटांच्या आत कोरडी. दुपारच्या जेवणानंतर तर त्याहून लवकर.

विकायला आलेल्या मुलाने यातलं काहीही विचारलं नाही. टाकी किती लिटरची, किती उंचीवर, लाइन किती इंची, वाटेत किती एल्बो, एमआयडीसीचं पाणी बंद असतं त्या दिवशी काय करता, काही नाही. रंग कोणता हवा हे मात्र दोनदा विचारलं. मी पाण्याचं काढल्यावर म्हणाला, "मॅडम, ऑडिटला हे मॉडेल सगळीकडे चालतं." चालतं, खरंय. ऑडिटर हँडल ओढतो, पाणी येतं, तो टिक करतो आणि पुढे जातो. पंधरा मिनिटं तिथे उभा राहणारा ऑडिटर मी अजून पाहिलेला नाही.

मग आम्ही फक्त शॉवरसाठी वेगळी दोन हजार लिटरची टाकी बसवली. त्या टाकीला दुसरं कनेक्शन कुणी काढू नये म्हणून फिटरमामांनी आउटलेटला टी (फाटा काढायचा जोड) लावायला जागाच ठेवली नाही. कारखान्यात मोकळा टी दिसला की आठवड्याभरात तिथे कुणाची तरी बादली उभी राहते, हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

टाकी झाली, तरी प्रश्न सुटला नव्हता. पत्रकावरचे ७६ लिटर हे साधारण दोन बार दाबाला. दोन बार म्हणजे वीस मीटर उंचीचं पाणी. आमची टाकी शेडवर, शॉवरच्या तोंडापासून जेमतेम पाच-सहा मीटर वर. अर्धा बार. पहिल्या चाचणीत मधोमध एक जाड धार आणि कडेने ठिबक, बस्स. जमिनीपासून दीड मीटरवर फवाऱ्याचा घेर निदान ५० सेंटिमीटर भरायला हवा, म्हणजे खांदे, छाती, पाठ सगळं एकदम भिजतं. आमच्या धारेत डोकं भिजत होतं आणि खांदे कोरडे.

कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, हायड्रंट लाइनला (आग विझवायच्या पाण्याच्या) जोडा. हे मात्र कुणी ऐकू नका, निदान जसंच्या तसं. हायड्रंटची रिंग मेन साधारण सात किलोच्या, म्हणजे जवळपास सात बार, दाबाला ठेवलेली असते. तो दाब थेट आयवॉशला दिला तर डोळा धुण्याऐवजी डोळ्याला इजा होईल. जोडायचंच असेल तर दाब उतरवणारा व्हॉल्व्ह हवा, तो नियमित तपासायला हवा, आणि हायड्रंटच्या टाकीतलं पाणी कुठून येतं तेही पाहायला हवं. आमच्याकडे त्या टाकीत ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्लँटमधलं, प्रक्रिया केलेलं पाणीही सोडतात. आगीवर ते चालतं. डोळ्यात नको.

शेवटी प्रेशर स्विचवाला छोटा बूस्टर पंप घेतला आणि तो डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) इमर्जन्सी पॅनलवर टाकला. टाकी वरच ठेवली, म्हणजे पंप बंद पडला तरी अर्ध्या बारचं का होईना, पाणी येत राहील. पंप, टाकी आणि पाइप मिळून खर्च शॉवरच्या किमतीच्या दुपटीच्या वर गेला. हे आधी कळलं असतं तर बजेटमध्ये एकदाच मागितलं असतं. परचेसच्या साहेबांकडे दुसऱ्यांदा जाणं काय असतं ते नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको.

वस्तू आहे पण पोचत नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या देशातच आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला मिथाइल आयसोसायनेट सुटलं तेव्हा पाण्याचे फवारे मारायची सोय तिथे होती. वायू ज्या उंचीवरून बाहेर पडत होता तिथवर ते पाणी चढलंच नाही. फ्लेअरचा (वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा) पाइप दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला, टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन बंद. ट्रेनिंगमध्ये मी हे सांगते तेव्हा पोरं मान डोलावतात. मग मी त्यांना आमच्याच शॉवरखाली बादली लावायला सांगते. एका मिनिटात वीस लिटरची बादली पावणेचार वेळा भरली पाहिजे. मोजायला एवढंच पुरतं, फ्लोमीटर लागत नाही.

उन्हाळ्याचा भाग आता. कुरकुंभ, दौंड, बारामती हा पट्टा ज्यांना माहीत आहे त्यांना एप्रिल-मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडवरून गेलेला पाइप दिवसभर तापतो. मानक म्हणतं पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. एप्रिलमध्ये दुपारी दोनला मी लॅबचा थर्मामीटर घेऊन शॉवर उघडला. पहिलं पाणी ५१ अंश. काळ्या टाकीतलं पाणीही चाळिशीच्या वर. भाजलेल्या कातडीवर असलं पाणी पडलं तर माणूस दोन सेकंदांत बाहेर उडी मारणार, आणि डोळ्यांत गेलं तर रसायनाच्या जखमेत उष्णतेची भर. शिवाय कातडी गरम झाली की रसायन आत शिरायचा वेगही वाढतो. आपल्याकडच्या पत्रकांत पाणी गोठू नये यासाठी हीटरवालं मॉडेल दिसतं, ज्याचा आम्हाला शून्य उपयोग. पाणी तापू नये यासाठी मात्र एक ओळ नाही. काही कंपन्यांकडे लाइन तापली की आपोआप थोडं पाणी सोडून देणारा व्हॉल्व्ह मिळतो. आमच्या विक्रेत्याला तो माहीत नव्हता.

आम्ही काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. टाकी पांढरी, दुहेरी भिंतीची घेतली आणि तिच्यावर सिमेंट पत्र्याचं छत टाकलं. पाइप शेडवरून काढून जमिनीखालून नेला, दीडेक फूट खोल. जिथे तो वर येतो तिथपासून शॉवरच्या तोंडापर्यंत काळ्या नायट्रिल फोमचं वेष्टन आणि वर ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग. फोम उघडा ठेवला तर उन्हाने भुरभुरतो आणि त्याआधी कावळे टोचून काढतात. हे केल्यावर मे महिन्यात त्याच वेळी पहिलं पाणी ३६ आलं. वेष्टनानंतर इतका फरक पडेल असं मलाही वाटलं नव्हतं. कोकणात, लोटे किंवा महाडला, ऊन इतकं नसेल पण दमटपणा आणि खारा वारा आहे. तिथे क्लॅडिंगच्या आत पाणी साचून पाइप गंजतो का ते बघावं लागेल.

खरा प्रसंग आषाढातला. कॉस्टिक लायचा, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा, टँकर रिकामा करून झाला होता. ४८ टक्क्यांची लाय, पाण्याच्या दीडपट जड, हाताला साबणासारखी बुळबुळीत. टँकरच्या पाठीवर यूएन १८२४ (या रसायनाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ची पाटी, गॉगल, फेस शील्ड, पीव्हीसी सूट सगळं दिलेलं. पंप बंद केल्यावर होजमध्ये थोडा दाब राहतो, तो ड्रेनचा कॉक उघडून सोडायचा आणि मग कपलिंग काढायचं. टँकरवरच्या हेल्परने घाईत कपलिंगला हात घातला, आणि पाऊस भुरभुरत असल्याने काचेवर धुकं धरतं म्हणून गॉगल कपाळावर सरकवलेला. उडालं ते गालावर, मानेवर आणि एका डोळ्यात.

आमचा ऑपरेटर त्याला दंडाला धरून शॉवरखाली घेऊन गेला. दहा-बारा पावलं. दहा सेकंदांत पोचता आलं पाहिजे असं मानक सांगतं, आणि जिथे तीव्र ॲसिड किंवा कॉस्टिक आहे तिथे अगदी लगत. हे अंतर मोजताना माणूस आंधळा झालाय असं धरून मोजायचं: वाटेत पायरी नको, चाकाची गाडी नको, उघडं गटार नको. आम्ही जागा तशी निवडली होती म्हणून बरं.

पुढचं मात्र सोपं नव्हतं. दोन मिनिटांत तो म्हणायला लागला, "हो गया मॅडम, अब नहीं जल रहा." सगळ्यांचं असंच होतं. कॉस्टिकची गंमत अशी की ॲसिडपेक्षा ते डोळ्याला जास्त घातक, आणि तरी सुरुवातीची आग लवकर कमी झाल्यासारखी वाटते. ॲसिड डोळ्यातली प्रथिनं गोठवतं, त्याची एक साय धरते आणि आत जायला थोडा अडसर होतो. कॉस्टिक चरबीचा साबण करत, वाट मोकळी करत आत शिरतं. म्हणून धुणं थांबवायचं नाही. एकाने त्याचं डोकं भांड्यावर धरलं, मी ग्लोव्ह्ज घालून पापण्या उघड्या ठेवल्या आणि डोळा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवायला सांगत राहिले. मामांनी मोबाइलवर टायमर लावला. त्याला दर मिनिटाला ते ओरडून सांगत होते, "आठ हो गया, सात बाकी." त्या आकड्यांच्या आधारावर तो पोरगा थांबला, माझ्या समजावण्यावर नाही.

पंधरा मिनिटं ही कमीत कमी. कॉस्टिकसाठी त्याहून बरंच जास्त वेळ धुतात. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही चालूच ठेवलं आणि वाटेत सलाइनची बाटली. सोबत एसडीएसची (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाची) प्रत दिली आणि लॅबमधल्या पीएच पट्ट्यांची डबी. डोळ्याच्या कडेला पट्टी लावून पीएच सातच्या आसपास स्थिरावेपर्यंत डॉक्टर धुणं चालू ठेवतात. लहान गावातल्या दवाखान्यात ती पट्टी असेलच असं नाही. पोराचा डोळा वाचला. गालावर डाग राहिला.

त्या दिवशी या वस्तूने तिचं काम चोख केलं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पाणी शेवटपर्यंत एकसारखं आलं. फक्त पायाची पट्टी चिखलाने अडकली होती, हाताची पट्टी होती म्हणून निभावलं. पट्टीच्या खाली जी फट आहे ती इतकी अरुंद की पहिल्या पावसाचा गाळ त्यात घट्ट बसतो. एक इंच उंच केली असती तर बनवणाऱ्याचं काय गेलं असतं?

कपड्यांबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. रसायन अंगावर सांडलं तर कपडे शॉवरखालीच काढावे लागतात. भिजलेला कपडा रसायन अंगाशी धरून ठेवतो. पुरुष ऑपरेटरसुद्धा दहा माणसांसमोर पँट काढायला लाजतो. आमच्या पॅकिंगमध्ये आणि हाउसकीपिंगला बायका आहेत, काही साडीवर ॲप्रन घालतात. साडीचे पाच-साडेपाच मीटर कापड म्हणजे ॲसिडने भिजलेली घडीवर घडी. त्यांना विचारलं तर एकीने सरळ सांगितलं, "मॅडम, जळलं तरी चालंल, पण तिथं उघड्यावर नाही काढायची." या वाक्याला मी काय ट्रेनिंग देणार? म्हणून शॉवरभोवती वरच्या रिंगवर सरकणारा जाड पीव्हीसी पडदा बसवला, आणि शेजारी सीलबंद पेटीत सैल गाऊन, टॉवेल आणि कात्री ठेवली. कात्री महत्त्वाची: भिजलेला टी-शर्ट डोक्यावरून काढला तर चेहऱ्यावरून जातो. पडदा आणि रिंग हे विक्रेत्याच्या यादीत कुठेच नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलं. शॉवर विकणाऱ्यांपैकी एकानेही कधी बाईमाणसाला त्याखाली उभं करून पाहिलेलं दिसत नाही.

आठवड्याची चाचणी. मानक म्हणतं आठवड्यातून एकदा शॉवर आणि आयवॉश चालू करून लाइनमधलं साचलेलं पाणी काढून टाकावं. कारण सरळ आहे: साचलेल्या पाण्यात गंज, गाळ आणि जंतू वाढतात. त्यात डोळ्याला घातक असणारे अमिबासारखे जीवही आले. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की नोझलच्या जाळीवर महिन्याभरात पांढरा थर. पण बहुतेक कारखान्यांत ही चाचणी होत नाही, आणि आळस हे त्याचं कारण नव्हे. शॉवरला खाली निचराच नसतो. मिनिटाला ७६ लिटर पाणी जमिनीवर सोडलं की टँक फार्म तुंबतं, पाणी पॅनल रूमपर्यंत जातं, शिफ्ट इनचार्ज शिव्या घालतो, आणि पुढच्या आठवड्यापासून वहीत नुसती सही. ज्या कारखान्यात शॉवरखालचं काँक्रीट कायम कोरडं आणि वही मात्र भरलेली, तिथे काय समजायचं ते समजा.

विकणाऱ्याने पाया कसा असावा याचं साधं चित्र दिलं असतं तरी पुरे होतं. आम्ही उताराचा चौथरा केला, कडेला चार इंच कठडा, मधोमध जाळी आणि तिथून पाइप ईटीपीच्या कलेक्शन टाकीकडे. पावसाच्या गटाराला जोडू नका. अपघातात तेच पाणी कॉस्टिक घेऊन बाहेरच्या ओढ्याला जाईल. चाचणीसाठी परदेशात शॉवरच्या तोंडाला लावायची मेणकापडी बाही मिळते. मामांनी जुन्या ताडपत्रीची शिवली, खाली ड्रम. आता चाचणी होते आणि कुणाचे बूट भिजत नाहीत.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. आदल्या आठवड्यात सगळ्या एमआयडीसीत शॉवर हिरवे रंगवले जातात. आमच्याकडे एका पेंटरने हौसेने आयवॉशच्या टोपणांवरही ब्रश फिरवला होता. ती चिकटली. तेव्हापासून रंगाचं काम मामांसमोरच.

आता घेऊ पाहणाऱ्यांसाठी काही सुटे मुद्दे.

मटेरियल. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीशेजारी एसएस ३०४ नको. वाफेतल्या क्लोराइडने त्याला बारीक खड्डे पडतात. आमच्या दुसऱ्या एका युनिटला तांबूस ठिपके आलेत. तिथे प्लास्टिकचं कोटिंग केलेलं जीआय चांगलं, फक्त कोटिंगला ओरखडा आला की लगेच दुरुस्त करायचं.

पाण्याशी रिॲक्शन होणारी रसायनं. थायोनिल क्लोराइडच्या ड्रमवर "पाण्यापासून दूर" लिहिलेलं असतं, म्हणून कामगारांना वाटतं अंगावर सांडलं तरी पाणी घालायचं नाही. ही समजूत मोडून काढा. जे पुसता येईल ते कोरड्या कपड्याने चटकन टिपायचं आणि लगेच भरपूर पाणी. थोड्या पाण्याने उष्णता वाढते, भरपूर पाण्याने ती वाहून जाते. मिनिटाला ७६ लिटर उगाच नाही ठेवलेले. चुन्यासारखी कोरडी पूड असेल तर आधी झटकायची. आणि ॲसिडवर सोडा, कॉस्टिकवर व्हिनेगर, भाजल्यावर खोबरेल असले उपाय शॉवरच्या पाटीवर फुली मारून लिहून ठेवा. आम्ही मराठी आणि हिंदीत लिहिलेत, चित्रासकट. कंपनीने दिलेली पाटी फक्त इंग्रजीत होती. ज्यांच्याकडे हायड्रोफ्लोरिक ॲसिड आहे त्यांनी शॉवरशेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल ठेवायलाच हवी. तिथे नुसतं पाणी पुरत नाही.

बाटल्या. अर्ध्या लिटरच्या पिळायच्या आयवॉश बाटल्यांवर भरवसा ठेवून शॉवर टाळणारे छोटे कारखानदार मला भेटतात. चेहरा सोडून नुसते डोळे धुवायचे तरी कमीत कमी मिनिटाला दीड लिटर पाणी लागतं. बाटली वीस सेकंदांत संपली. शॉवरपर्यंत पोचेपर्यंत आणि ॲम्ब्युलन्समध्ये ती ठीक. जिथे लाइन नेताच येत नाही तिथे भिंतीवर टांगायचं, स्वतःची टाकी असलेलं आयवॉश मिळतं. ते घ्या, आणि पाणी किती दिवसांनी बदलायचं ते त्याच्यावरच लिहून ठेवा.

हूटर, म्हणजे भोंगा. शॉवर चालू झाला की तो वाजवणारा फ्लो स्विच आम्ही जास्तीचे पैसे देऊन घेतला. रात्रपाळीत यार्डात एकटा माणूस असतो. हा खर्च मला सगळ्यात पटलेला. स्विच मात्र पहिल्याच पावसात ओला होऊन रात्री दीडला उगाच वाजला. कंपनीने बदलून दिला, जंक्शन बॉक्सचं तोंड खाली करून. सर्व्हिसबद्दल चांगलं सांगण्यासारखं ते एवढंच.

सुटे भाग. आयवॉशची टोपणं आणि जाळ्या वेगळ्या मिळायला पाच आठवडे लागले. आधीच दोन जोड मागवून ठेवा.

टँक फार्मच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक शॉवर लागणार आहे. या वेळी चौकशीच्या पत्रातच लिहिलंय: अर्ध्या बारला घेर किती येतो ते लेखी द्या, तापलेलं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह जोडून दर द्या, पायपट्टी जमिनीपासून उंच हवी, पडद्याची रिंग हवी, पाटी मराठीत. तीन विक्रेत्यांना पाठवलं. दोघांनी जुनंच पत्रक परत धाडलं. तिसऱ्याने फोन करून विचारलं, "मॅडम, तुमची टाकी किती लिटरची आहे?" दर अजून यायचाय, आला की इथेच खाली जोडते.